नाताळची ड्युटी आणि गौरीची रजा

ताई,

मला 'तू'च म्हणा, तुमच्या मुलीच्या वयाची आहे. मी नर्स आहे, सातारा जिल्ह्यातली. चार वर्षं झाली, इंग्लंडच्या लिंकनशरमधल्या एका छोट्या गावात नर्सिंग होममध्ये नोकरी करते. नवरा वेअरहाऊसमध्ये आहे, मुलगा सहा वर्षांचा. गावात मराठी घर आमचं एकच.

सासूबाईंनी घरच्या उभ्या गौरींचे मुखवटे दोन वर्षांपूर्वी माझ्या हवाली केले. यंदा १ सप्टेंबरला पूजन होतं. मी तीन दिवसांची रजा मागितली. मॅनेजर म्हणाली, रोटा (ड्युट्यांचं वेळापत्रक) लागलाय. गौरी जेवल्या तेव्हा मी कामावर होते, नैवेद्य नवऱ्याने दाखवला. आता डिसेंबरचा रोटा आलाय. २४, २५, २६, तिन्ही दिवस माझे लाँग डे, म्हणजे दिवसभराची ड्युटी. सलग तिसरं वर्ष. विचारलं तर म्हणाली, "तुमच्यात ख्रिसमस नसतो ना?"

नवरा म्हणतो, हा ख्रिश्चनांचा देश आहे, आपण पाहुणे. पाहुण्याने पानात काय वाढा ते सांगू नये. शिवाय व्हिसा त्यांच्याच हातात. त्यात मुलाला शाळेच्या नाताळच्या नाटकात उंटाचं काम मिळालंय. सासूबाई व्हिडिओ कॉलवर रुसल्यात: "आपल्या गौरी राहिल्या उपाशी, आणि पोरगं येशूच्या जन्माला उंट!" पुढच्या वर्षी चतुर्थीला त्याची शाळा बुडवू का? आणि उंटाचं काय करू?

– एक माहेरवाशीण

---

पोरी,

उंटाचं शेवटी बघू. आधी नाताळ.

मी लेस्टरच्या एका हॉस्पिटलात लागले तेव्हा सलग सहा नाताळ वॉर्डात काढले. पहिल्या वर्षी मीच म्हणाले होते, मी करते, तुमच्या घरी पोरंबाळं आहेत. दुसऱ्या वर्षी कोणी विचारलं नाही. तिसऱ्या वर्षापासून माझं नाव रोट्यात छापल्यासारखं यायचं. मी आतून धुमसायचे आणि वरून हसायचे. मनाशी म्हणायचे, एवढं करते, लक्ष्मीपूजनाला कोणी तरी 'तू जा घरी' म्हणेल. कोणी म्हटलं नाही. म्हणणार कसं, लक्ष्मीपूजन कधी असतं हेच मी कुणाला सांगितलं नव्हतं. पुढे आमची वॉर्ड सिस्टर निवृत्त झाली, तेव्हा भाषणात माझं कौतुक करताना म्हणाली, हिला नाताळात वॉर्डातच राहायला आवडतं. मनापासून म्हणाली गं. मी केलेले उपकार तिच्या हिशेबात माझा छंद म्हणून जमा होते.

तुझ्या मॅनेजरचं वाक्य मला त्या भाषणासारखं वाटतं. दुष्टपणा असेलच असं नाही, बहुतेक नसेलच. तरी चूक ती चूकच. 'तू नाताळला येशील का, तुझ्या सणाला मी सोडते' हा सौदा झाला, आणि चांगला सौदा. 'तुमच्यात नसतो ना' यात तुला विचारलंच नाही, तुझा धर्म बघून तुझे तीन दिवस परस्पर वापरले. हे वाक्य तारखेसकट वहीत लिहून ठेव. त्याचं लगेच काही करायचं नाही. नुसतं लिहून ठेव.

आता कायदा. तो तुझ्या नवऱ्याला वाटतो त्याहून बरा आहे, आणि तुला हवा तेवढा बरा नाही. ब्रिटनमध्ये धार्मिक सणाला रजा मिळण्याचा थेट हक्क कोणालाच नाही, ख्रिश्चनांनाही नाही. बँक हॉलिडेला, म्हणजे इथल्या सार्वजनिक सुट्टीलासुद्धा, घरी बसायचा कायदेशीर हक्क नाही. जे मिळतं ते करारामुळे. वर्षाला ५.६ आठवडे पगारी रजा मात्र हक्काची, आणि ती कधी मागायची ते तू ठरवतेस. करारात वेगळं लिहिलं नसेल तर जितके दिवस हवेत त्याच्या दुप्पट दिवस आधी सांगायचं, म्हणजे तीन दिवसांसाठी सहा दिवस. नाकारायचं तर त्यांनी किमान तीन दिवस आधी नाकारायचं. नाकारता येतं, पण २०१०चा समानता कायदा मध्ये उभा आहे. एखादा नियम दिसायला सगळ्यांना सारखा असला, पण त्याचा भार एकाच धर्माच्या लोकांवर जास्त पडत असला, तर मालकाला त्यामागचं रास्त कारण दाखवावं लागतं.

हे फुकट मिळालेलं नाही. नव्वदच्या दशकातला एक खटला आहे. एका कारखान्याने घाईच्या महिन्यांत कुणीच रजा घ्यायची नाही असा नियम केला, आणि ईद नेमकी त्या महिन्यांत आली. मुसलमान कामगार म्हणाले, वेळ भरून देतो, पण ईदला सोडा. सोडलं नाही. तरी ते गेले, आणि परत आल्यावर शेवटची लेखी ताकीद हातात पडली. ते लढले आणि जिंकले. तेव्हा धर्मावरून भेदभाव झाला असं म्हणायला इथे कायदाच नव्हता, तो आला २००३ला. वंशभेदाच्या कायद्यातून वाट काढावी लागली. तू या खटल्यातली एकच गोष्ट लक्षात ठेव: 'वेळ भरून देतो' हे ते आधी म्हणाले होते.

याच्या उलटही ऐक. लंडनच्या मर्टन भागात मुलांच्या बालगृहात एक ख्रिस्ती बाई काम करायची. रविवार हा प्रभूचा दिवस, त्या दिवशी काम करणार नाही असं तिचं म्हणणं. पहिली काही वर्षं जमवून घेतलं, मग जमेना. २०१३ला अपील कोर्टात ती हरली, कारण मुलांकडे रविवारीही कोणी तरी बघायला हवं होतं. नवऱ्याला सांग, ख्रिश्चनांच्या देशात ख्रिश्चन बाईला रविवार मिळाला नाही. आणि तूही लक्षात घे, तुझ्या नर्सिंग होममधल्या आजी-आजोबांना गौरीपूजनादिवशीही औषधं लागणारच. 'त्या दिवशी नोंदणीकृत नर्स दुसरी नव्हतीच' हे कारण खरं असेल तर ते टिकतं. 'रोटा लागलाय' एवढंच कारण लंगडं आहे. पण तू मागितलंस कधी, रोटा लागायच्या आधी की नंतर? पत्रात लिहिलं नाहीस. मला शंका आहे.

तारखा दरवर्षी बदलतात म्हणून आधी सांगता येत नाही, असं आपल्यातलेच लोक म्हणतात. अगं, ईस्टर काय स्थिर असतो? वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार म्हणजे ईस्टर. २०२४ला ३१ मार्च, २०२५ला २० एप्रिल, २०२६ला ५ एप्रिल. तोही चंद्र बघूनच नाचतो, आणि त्याच्यासोबत गुड फ्रायडे आणि ईस्टर मंडे या दोन बँक हॉलिडे. अख्खा देश तो गोंधळ निमूट सांभाळतो, कारण तारखा आधी छापलेल्या असतात. आपल्याही छापलेल्या असतात. २०२६ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर, सोमवार. गौरींची तारीख नक्षत्रावर, ती पंचांगात बघ. इथल्या सूर्योदयाने तिथी कधी एक दिवस मागेपुढे होते, तेव्हा तुम्ही भारताप्रमाणे करता की इथल्याप्रमाणे, ते सासूबाईंशी आत्ताच ठरव. ऑगस्टमध्ये नको.

सासूबाईंशी आणखी एक बोलायचंय, आणि ते मॅनेजरशी बोलण्याआधी. तीन दिवस मागितलेस. तीनही दिवस खरंच लागतात का? अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मुळावर विसर्जन. आवाहन संध्याकाळी, शिफ्टवरून आल्यावर होतं. पुण्यात ऑफिसला जाणाऱ्या बाया लोकलच्या नि बसच्या वेळा सांभाळून कित्येक वर्षं तेच करतायत, आणि गौरी कुणावर रुसल्याचं मी ऐकलेलं नाही. विसर्जन नवरा करू शकतो. नैवेद्य दाखवता आला त्याला, तर अक्षताही टाकता येतील. म्हणजे अडवून धरायचा दिवस एकच, पूजनाचा. सासूबाईंना सरळ विचार, "आई, तिन्हीतला कुठला दिवस मी घरी नसले तर तुम्हाला चालणारच नाही?" बायकांना कुळाचारातली सूट विचारून घेता येते, हे आपण विसरतो. त्या 'तिन्ही' म्हणाल्या तर बाकीच्या दोन दिवसांना निदान रात्रीच्या शिफ्ट माग.

एक मजेशीर निकाल सांगते. लंडन अंडरग्राउंडमधला सार्डिनियाचा एक कॅथलिक कामगार दर उन्हाळ्यात गावाकडच्या संतांच्या उत्सवांसाठी सलग पाच आठवडे रजा मागायचा. सतरा उत्सव मोजून दाखवले होते त्याने. रजा तीन आठवड्यांवर आणली तेव्हा तो न्यायाधिकरणात गेला आणि हरला. त्यांचं म्हणणं, खरं कारण घरच्यांसोबत राहणं हे आहे, उत्सव नावाला. बिचारा. मला त्याची दया येते, पण धडा उघड आहे. गौरीला भारतात जायचा बेत असेल तर ती साधी सुट्टी म्हणून माग, देवाच्या नावावर तीन आठवडे घालू नकोस.

आता तुझ्याबरोबर काम करतं कोण, ते बघू. मी पैज लावते, रोट्यात निम्मी नावं इंग्रज नसतील. केरळच्या सिस्टर असतील, फिलिपिन्सच्या असतील, एखादी पोलंडची, एखादी रोमानियाची. तुझा नाताळ बहुतेक वेळा यांच्यातल्याच कुणाला तरी मिळतो. पोलंडच्या बाईला २४ची संध्याकाळ हवी असते, त्यांचं मोठं जेवण त्या रात्री. २५ला तिला बोलावलं तर ती कदाचित कुरकुरही करणार नाही. रोमानियाची बाई ऑर्थोडॉक्स असेल तर २०२६चा तिचा ईस्टर १२ एप्रिलला, इथल्यांच्या एक आठवडा नंतर. तिला कोणी सुट्टी देत नाही. ती तुझ्यासारखीच मनात कुढत असणार. ख्रिश्चनांच्या देशातली ख्रिश्चन, आणि ईस्टरला रजा मागतेय.

आणि त्या केरळच्या सिस्टरशी एकदा चहा पी. तिने कदाचित मुंबईत किंवा पुण्यात काही वर्षं काढली असतील, पुष्कळ जणी काढतात. तिला विचार, तिथे लक्ष्मीपूजनाच्या रात्री वॉर्डात कोण असायचं? आपल्या हॉस्पिटलांत दिवाळीचा रोटा लावताना "तुमच्यात नसते ना दिवाळी?" हे वाक्य किती सिस्टरांनी ऐकलं असेल. महाराष्ट्रात नाताळ आणि गुड फ्रायडे सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत आहेत, दोन्ही ईद आहेत, पारशी नववर्षसुद्धा आहे. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण यादी ऑफिसांना लागू, वॉर्डाला नाही. वॉर्डात शेवटी कुणाचं तरी नाव लिहावंच लागतं, आणि लिहिणारा हात आपला असला की आपणही तुझ्या मॅनेजरसारखेच लिहितो.

म्हणून एकटी जाऊ नकोस. या चौघी-पाचजणींना गाठ, प्रत्येकीला विचार, वर्षातले कुठले दोन दिवस तुझ्यासाठी सोडून द्यायचे नाहीत? भारत सरकारच्या नोकरीत आरएच असते ना, यादीतून आपल्याला हव्या त्या दोन सुट्ट्या निवडायच्या, तसंच. एका कागदावर बारा महिने, त्यात नावं. कोणाच्या दिवशी कोण उभी राहील ते आपापसांत जुळवा आणि मग तो कागद मॅनेजरपुढे ठेवा. रोटा लावणं हे जगातलं एक कंटाळवाणं काम आहे. ते अर्धं करून आणून देणाऱ्या नर्सला नाही म्हणणं फार अवघड जातं. हे मी स्वतः नंतर रोटा लावायला लागल्यावर शिकले.

या डिसेंबरचं काय? २४, २५, २६पैकी एक दिवस परत माग, सौम्यपणे पण ईमेलवर. मजकूर साधा ठेव: गेली दोन वर्षं हे तिन्ही दिवस मी केले, यंदा दोन करते, २६ला मला घरी राहायचंय, मुलाला सुट्टी आहे. तुझ्यात ख्रिसमस नसला तरी पोराची शाळा बंद, बस फारशा नाहीत, आणि नवरा-मुलगा घरात एकटे, हे कारण पुरेसं आहे. त्याच ईमेलमध्ये पुढच्या वर्षीची गौरीपूजनाची तारीख घाल आणि लिही की त्या बदल्यात २५ डिसेंबर २०२६ मी आनंदाने करीन. बदल्यात, हा शब्द गाळू नकोस. पण आधी करार काढून बघ, बँक हॉलिडेला जास्त पैसे आहेत का. कायद्याने द्यायलाच हवेत असं नाही, पण कित्येक ठिकाणी देतात. तुला ते पैसे हवे असतील तर मनाशी कबूल कर आणि मग त्या दिवसांबद्दल रडू नकोस. मी दोन वर्षं पैसेही घेतले आणि रडलेही. फार दमायला होतं.

नवऱ्याचं 'पाहुणे' मला पटत नाही. पाहुण्याच्या पगारातून नॅशनल इन्शुरन्स कापत नाहीत. पाहुणा दुसऱ्याच्या आजोबांची कूस रात्री दोन वाजता बदलत नाही. आणि 'ख्रिश्चनांचा देश' म्हणशील तर २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिश्चन म्हणवणारे ४६.२ टक्के निघाले, निम्म्याहून कमी. राजा चर्चचा प्रमुख, वरच्या सभागृहात २६ बिशप बसतात, कॅलेंडर चर्चचं, हे सगळं खरं. त्याच कॅलेंडरवरच्या आठ बँक हॉलिडेंपैकी चारच सणांच्या आहेत, बाकीच्यांना देवाशी काही देणंघेणं नाही.

त्याची भीती मात्र खोटी नाही. स्पॉन्सरशिपवरची नोकरी गेली तर नवी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात, आणि ते घरातल्या प्रत्येकाला पाठ असतात. पण रजा मागितली म्हणून व्हिसा जात नाही, नोकरी गेली तर जातो. आणि भेदभावाविरुद्धचं संरक्षण व्हिसा बघून मिळत नाही, पहिल्या दिवसापासून असतं. तक्रार केली म्हणून त्रास देणं हेही त्याच कायद्याने वेगळं बेकायदा ठरवलंय, म्हणजे मालकाच्याच अंगाशी येणारं. आरसीएनची, म्हणजे नर्सेसच्या संघटनेची, सभासद आहेस का? नसशील तर याच आठवड्यात हो, भांडण सुरू झाल्यावर नको. एकॅस ही नोकरीतल्या वादांत सल्ला देणारी सरकारी संस्था, तिच्या हेल्पलाइनवर सल्ल्याचे पैसे पडत नाहीत. ग्रीव्हन्स (रीतसर तक्रार) वगैरे शब्द सध्या तोंडातून काढू नकोस. ईमेलला उत्तर आलं नाही, किंवा 'तुमच्यात नसतो ना' हेच पुन्हा लेखी आलं, तर ती वही उघडायची.

शाळा. चौदा सप्टेंबरला एक दिवस घरी ठेव, खुशाल. १९९६च्या शिक्षण कायद्यातच लिहिलंय की आई-बापांच्या धर्मसंस्थेने केवळ धार्मिक आचरणासाठी राखलेल्या दिवशी मूल आलं नाही तर ती बेकायदा गैरहजेरी नाही. हजेरीपटात त्याला 'आर' असा स्वतंत्र शेरा असतो. जुलैत, सुट्टी लागायच्या आधी, हेडटीचरना पत्र दे. आपल्याकडे चर्चसारखी एक धर्मसंस्था नाही, म्हणून शाळेला कधी कधी कळत नाही की हा दिवस कोणी 'राखला'. जवळच्या देवळाचं किंवा मंडळाचं दोन ओळींचं पत्र सोबत जोडलंस तर प्रश्न मिटतो. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२पासून आहे, लेस्टर-नॉटिंगहॅमकडेही आपले लोक आहेत, विचार. दिवस एकच. गौरींसाठी आठवडा बुडवलास तर तो 'आर'मध्ये बसायचा नाही, आणि दहा आठवड्यांत दहा सत्रं, म्हणजे पाच दिवस, विनापरवानगी बुडाले की दंडाची नोटीस येऊ शकते: ८० पौंड, तीन आठवड्यांत भरले नाहीत तर १६०, आणि आई-बापांना वेगवेगळा.

राहिला उंट.

सरकारी शाळेतल्या रोजच्या सामूहिक प्रार्थनेतून आणि धर्मशिक्षणाच्या तासातून मुलाला काढून घ्यायचा हक्क तुम्हाला आहे. तो हक्क उंटावर वाया घालवू नकोस. सहा वर्षांच्या पोराला आपण कुठल्या गोष्टीत आहोत एवढंच कळतं. ती कुणाची गोष्ट ते नंतर. त्याला बाजूला बसवलंस तर तो वर्गातला 'बाजूला बसलेला' होईल, आणि पुढच्या सप्टेंबरात तू डबाभर मोदक घेऊन वर्गात गेलीस की त्याला लाज वाटेल. नाटकात जाऊ दे आणि मोदक घेऊन तूही जा. आधी शिक्षिकेला विचार, शेंगदाणे-काजू चालतात का. बहुतेक शाळांत चालत नाहीत; खोबरं-गुळाचे कर.

सासूबाईंना मात्र नीट सांग. बायबलमधल्या येशूजन्माच्या कथेत उंटाचं नावही नाही. तो मागाहून चित्रांत नि नाटकांत शिरला. आहेत ते पूर्वेकडून लांबचा प्रवास करून भेटी घेऊन आलेले शहाणे लोक. त्यांना पाठीवर घेऊन येणारा आपला नातू आहे. 'पूर्वेकडून' वर जरा जोर दे. माझ्या सासूबाई अशाच एका जोराने विरघळल्या होत्या; माझा मुलगा मेंढपाळ होता, आणि त्याला घोंगडी त्यांनी गावाहून पाठवली होती.

शेपटीला लोकर वापर. सुतळीची शेपटी पहिल्याच तालमीत पिंजते, आणि कुबडात उशी भरणार असशील तर ती पाठीला दोन पट्ट्यांनी बांध, दप्तरासारखी. एका पट्टीने ती पोटाकडे सरकते.

– ताई